हानयांगची भट्टी

1863 च्या राजदरबारी परीक्षेत संपूर्ण साम्राज्यात तिसरे आलेले झांग झिडोंग हे चीनच्या जुन्या विद्येत मुरलेले अधिकारी. 1898 मध्ये त्यांनी ‘अध्ययनाचा उपदेश’ हा ग्रंथ लिहिला. नव्या शाळा, रेल्वे, खाणी, परदेशी शिक्षण, भाषांतरे या सर्वांचा त्यात पुरस्कार आहे. मात्र सम्राट, पिता आणि पती यांच्या अधिकाराची कन्फ्यूशियन चौकट त्यांना अभंग हवी होती. चिनी विद्या मूळ गाभा आणि पाश्चात्त्य विद्या व्यवहारासाठी, हे त्यांचे सूत्र. जैन वाचकास येथे निश्चय आणि व्यवहार या नयांचे स्मरण होईल. परंतु ते एकाच वस्तूकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत. झांग यांनी दोन निराळ्या वस्तू शेजारी मांडल्या.

त्याचा परिणाम ग्रंथापूर्वीच दिसू लागला होता. दक्षिणेत क्वांगतुंग प्रांताचा कारभार पाहत असताना त्यांनी इंग्लंडकडे पोलाद-कारखान्याची यंत्रे मागवली. 1889 मध्ये त्यांची बदली हूबेई प्रांताकडे झाली. नव्या अधिकाऱ्यास तो व्याप नको होता, म्हणून कारखानाही त्यांच्यामागोमाग निघाला. जागा ठरली हानयांग, यांगत्से नदीपलीकडील वूचांगच्या त्यांच्या कचेरीपासून जवळ. देखरेख सोपी व्हावी, हे त्यामागचे एक कारण. लोहखनिज मात्र दूरच्या दाये येथील आणि योग्य कोळशाचा ठिकाणा अद्याप लागायचा होता. माल कोणता वापरायचा हे ठरण्याआधीच भट्ट्यांचा सौदा झालेला! साधा धान्याचा व्यापारीही मूठभर नमुना तळहातावर घेतल्यावाचून भाव बोलत नाही.

1894 मध्ये उत्पादन सुरू झाले. पोलाद ठिसूळ निघाले. त्याचे रूळ तडकत. सरकारी तिजोरीस भार सोसेना, तेव्हा 1896 मध्ये कारखाना शेंग श्वानहुआय या उद्योगी अधिकाऱ्याकडे सोपवून व्यापाऱ्यांचे भांडवल मागावे लागले. शेंग यांनी पिंगशियांगच्या कोळशाची सोय केली, तरीही रूळ सुधारले नाहीत.

अखेर 1904 मध्ये ली वेइगे हे व्यवस्थापक खनिज, कोक आणि पोलादाचे नमुने घेऊन इंग्लंडला गेले. रासायनिक तपासणीत खनिज आणि कोक दोन्ही उत्तम ठरले. दायेच्या खनिजात फॉस्फरस अधिक होता, आणि मागवलेल्या बेसेमर भट्ट्यांच्या आम्लधर्मी अस्तरामुळे तो बाहेर पडत नव्हता. मग निराळ्या भट्ट्या मागवण्यात आल्या. त्यांतून चांगले पोलाद निघू लागले, तेव्हा झांग यांच्या पहिल्या मागणीस जवळजवळ वीस वर्षे लोटली होती.