देह ज्याचा, फोटो त्याचा

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली. आठवड्यातून एकदा घ्यायची, भूक मंदावणारी ही औषधे आज ना उद्या नेवाशासारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचणारच. त्यांच्या मागोमाग एक सवयही येते : दर महिन्याला मोजक्या कपड्यांत स्वतःचा फोटो काढायचा आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहायचा.

वडीलधाऱ्यांना हा चाळा वाटेल. मला वाटत नाही. वेगोव्हीच्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरायला ६८ आठवडे लागले. रोज आरसा पाहणाऱ्याला इतका सावकाश पालट जाणवत नाही. फोटो धीर देतो. मात्र नुसत्या फोटोवर किंवा काट्यावर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! म्हणून फोटोच्या जोडीला कमरेचा टेप आणि डॉक्टरांची तपासणी हवीच.

त्या दोघांनी फोटो छापला, तो स्वतःच्या मर्जीने. आपल्या घरांत मोबाइल मात्र साऱ्यांचा असतो. लग्नाचे फोटो शोधताना पुतण्याच्या हाती काकूचा तो फोटो लागतो, आणि चेष्टा सुरू होते. अंतर्वस्त्रांतला फोटो संमतीविना पसरवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पुतण्यावर फिर्याद कोण करणार? बहुधा काकू फोटो काढणे सोडते, कदाचित औषधही.

तेव्हा फोटो चेहरा वगळून काढावा, कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावा, आपोआप होणारा बॅकअप बंद करावा. डॉक्टरांना तो समोर बसूनच दाखवावा. उरलेली जबाबदारी घरच्यांची.

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच नेवाशात. तिच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे. दुसऱ्याच्या शेतात पाय टाकण्यापूर्वी आपण मालकाला विचारतो. घरातल्या माणसाच्या फोटोलाही तोच बांध असावा.