शिराझचा सातबारा

आमचे मानवत कापसाचे गाव. इथे द्राक्ष म्हणजे हातगाडीवरचे आणि वाईन म्हणजे दारू. मधले काही नाही. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या आमच्या व्याह्यांनी बागेतला काळाभोर मणी हातावर ठेवला, तेव्हा मी तो सरळ तोंडात टाकला. कमालीचा गोड, पण साल जाड, बिया दोन-तीन आणि गर नावाला.

"हे खायचं नसतं, व्याही. ही शिराझ," ते हसत म्हणाले.

संध्याकाळी तिची वाईन अर्धा पेला घेतली. (सूनबाई माहेरी आल्या नव्हत्या, हे बरे.) रंग पिकल्या जांभळाचा. आधी जांभळाचाच तुरटपणा, मग मनुकेची गोडी, शेवटी मिऱ्याची चुणचुण आणि छातीत ऊब. ही ऊब उन्हाची. उन्हात मण्यात साखर भरते, ती आंबून अल्कोहोल होते, म्हणून उष्ण मुलखातली शिराझ अंगाने भरदार. थंड मुलखातल्या शिराझमध्ये मिऱ्याचा वास पुढे असतो. ज्या द्रव्यामुळे तो येतो, तेच आपल्या मसाल्यातल्या मिऱ्यातही असते, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. उष्णतेत मिरे मागे सरते, फळ पुढे येते. पण ऊन अती झाले की आंबटपणा उतरतो आणि वाईन मुरंब्यासारखी बसकी होते. म्हणून आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी करून सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करतात. फळ हिवाळ्यात पोसते आणि नाशिकच्या गार रात्री आंबटपणा राखतात. तोडणी आठवडाभर इकडे-तिकडे झाली तरी चव बदलते. म्हणजे निम्मी वाईन बागेतच होते.

नावाचे म्हणाल, तर इराणातल्या शिराझ शहराची दंतकथा रंगतदार आहे, पण खोटी. १९९८ च्या सुमारास डीएनए तपासणीत या वाणाचे आईबाप सापडले. मोंदूझ ब्लांश आणि दुरेझा ही ती जोडी, दोन्ही आग्नेय फ्रान्समधली. तिकडे तिला सिरा म्हणतात. जेम्स बस्बीने १८३२ मध्ये युरोपातल्या वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यांत तीही होती; शिराझ हे नाव तिथेच रुळले. मग ती आपल्याकडे आली. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले. तारा, अँगल, ठिबक यांच्यासाठी कर्जे निघाली. लागवडी वाढल्या.

मी तेव्हा बँकेत होतो, आणि एक प्रश्न मला तेव्हापासून सतावतो. कापसाचा भाव पटला नाही तर आमचा शेतकरी गाडी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दारात नेतो. खायचे द्राक्ष बाजारात नाही खपले तर बेदाणा होतो. शिराझ ना ताटात, ना बेदाण्यात. तिला गिऱ्हाईक एकच, वाईनवाला. २००८-०९ च्या मंदीत वाईनरींनी माल घ्यायचा हात आखडला, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मुळासकट काढल्या. वेल निघाली, हप्ते राहिले.

२०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकण्याच्या निर्णयावर केवढा गदारोळ झाला! दोन्ही बाजूंच्या तोंडी शेतकरी होता. पण त्याच्या करारात काय लिहिले आहे, यावर मला तरी कुठे काही वाचायला मिळाले नाही. माझ्या मते शिराझची चव वाखाणण्याआधी तो कागद वाचावा. तोडणीचा दिवस कंपनी ठरवणार असेल, तर त्या दिवसापर्यंतचा धोकाही तिने उचलला पाहिजे.

व्याह्यांचा करार मी त्याच रात्री चष्मा लावून वाचला. साखर किती हवी ते होते, माल कमी ठेवण्याची अट होती, भावही होता. कंपनीने माल उचललाच नाही तर काय, ते मात्र कुठेच नव्हते.

"इतकी वर्षं उचलतात की," व्याही म्हणाले.

मी त्यांना वकील गाठायला सांगितले आहे. सप्टेंबरात छाटणी आहे, त्याआधी.