पॉइंट कुणाचे, पैसे कुणाचे?

पहिली नोकरी लागते, पगार खात्यात जमा होऊ लागतो आणि थोड्याच दिवसांत क्रेडिट कार्डासाठी फोन सुरू होतात. ‘आयुष्यभर मोफत’, ‘प्रत्येक खरेदीवर पॉइंट’, ‘विमानतळावर लाउंज’. आपल्या घरांत यावर एकाच अंगाने बोलले जाते: हे हलाल की हराम? प्रश्न रास्त आहे. पण चर्चा तिथेच थांबते आणि हिशेबाची बाजू राहून जाते. मग मुले गुपचूप कार्ड घेतात आणि अडचण आली की घरात विचारायची सोय उरत नाही. म्हणून मी इथे आधी हिशेबाचे बोलणार आहे.

पॉइंट येतात कुठून? कार्डाने शंभर रुपये दिले की दुकानदाराच्या हाती साधारण अठ्ठ्याण्णव पडतात. उरलेले दीड-दोन रुपये बँका आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी वाटून घेतात. ज्यांच्या घरी बेकरी किंवा गॅरेज आहे, त्यांनी दुकानाचा हिशेब पाहिला तर ही कपात दिसेल. बँकेची दुसरी कमाई म्हणजे बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून मिळणारे व्याज आणि विलंब शुल्क. तुमचे पॉइंट या दोन कमाईंतून निघतात. पूर्ण बिल भरणाऱ्याला ते मिळतात आणि अर्धवट भरणारा त्यांची किंमत मोजतो.

ही किंमत किती? समजा तुम्ही महिन्याला २०,००० रुपये कार्डाने खर्च करता आणि एक टक्का परतावा मिळतो. महिन्याचे २०० रुपये, वर्षाचे २,४००. वार्षिक शुल्क ५०० असेल तर जीएसटी धरून ५९० वजा करा. राहिले १,८१०. आता एका महिन्यात हात आखडला आणि तुम्ही फक्त ‘किमान देय रक्कम’, म्हणजे पाच टक्क्यांप्रमाणे १,००० रुपये भरले. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले जवळपास ७८५. जवळजवळ चार महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात गेले. असे तीन महिने झाले की वर्षाची कमाई तोट्यात. प्रत्यक्षात याहून जास्त जातात. कारण थकबाकी असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण वर्षाचे ते ४२ होतात. ३० टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणजे ते कुंपण आता नाही.

कार्ड निवडताना जाहिरातीतला पॉइंटांचा आकडा बाजूला ठेवा. शंभर रुपयांमागे किती पॉइंट आणि एका पॉइंटचे किती पैसे, एवढे विचारा. शंभराला दोन पॉइंट आणि पॉइंटला २५ पैसे, तर परतावा अर्धा टक्का. मग ज्यावर पॉइंट मिळत नाहीत त्या खर्चांची यादी पाहा. पेट्रोल, घरभाडे, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेकदा त्यात असतात. पॉइंट किती दिवसांत बाद होतात आणि वापरताना शुल्क लागते का, तेही पाहा. तुमचा मोठा खर्च किराणा आणि मोबाइल रिचार्जचा असेल तर लाउंजवाले कार्ड तुमच्या काय कामाचे? थेट रोख परतावा देणारे, बिनशुल्काचे कार्ड पहिल्यांदा पुरे. कार्ड मिळाले की संपूर्ण बिल आपोआप भरले जाईल अशी सूचना बँकेला त्याच दिवशी द्या. एटीएममधून कार्डाने रोकड काढू नका. तिथे शुल्कही लागते आणि त्याच दिवसापासून व्याजही. ईदच्या किंवा लग्नाच्या खरेदीत ‘अजून पाच हजार खर्च केले की बक्षीस’ असा निरोप आला, तर ते पाच हजार आपलेच आहेत हे लक्षात ठेवा.

आता हलाल-हरामचा मुद्दा. मुदतीत पूर्ण पैसे भरले तर व्याजाचा संबंध येत नाही, म्हणून चालेल, असे काही उलेमा म्हणतात. करारातच व्याजाची अट आहे, म्हणून नको, असे इतर काही म्हणतात. कोणते मत पटते ते प्रत्येकाने स्वतःच्या विवेकाने ठरवावे. ज्यांना नको आहे त्यांचे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर काही अडत नाही. पण दोन्ही मतांतून एक गोष्ट निघतेच: व्याज भरायची वेळ आणू नये.

दुसरी सवय आपल्या मोहल्ल्यांतली. कार्ड एकाचे आणि त्यावर मोबाइल, फ्रिज चार घरांचे. हप्ता चुकला तर बँक कार्डधारकालाच धरते आणि पतनोंद त्याचीच बिघडते. नात्याला नाही म्हणणे जड जाते, हे खरे. तरीही पैसे आधी हातात घ्या, मग कार्ड वापरा.

शेवटचा मुद्दा हक्काचा. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या ‘नकारात्मक’ ठरवल्या आहेत, अशी नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आहे. आज नकार आला की आपण ‘पत्ता पाहून नाकारले’ म्हणतो आणि गप्प बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अर्ज नाकारला तर बँकेने नेमके कारण लेखी द्यायचे असते. न मागता कार्ड माथी मारता येत नाही. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते. त्यानंतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल मोफत मिळतो. बँकेने तक्रार तीस दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तेही विनाशुल्क.

म्हणून नकार आला तर लेखी कारण मागा आणि ते पत्र जपून ठेवा. एका वस्तीतल्या दहा जणांची पत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर नकार पगारामुळे होता, पतनोंदीमुळे होता की पत्त्यामुळे, हे तपासायला हाती काही तरी असेल. पत्ताच कारण निघाला, तर लढायलाही कागद हातात असेल.