तंबाखू सोडवणे आणि औषधविक्रेते

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की चर्चा सिगारेटपासून सुरू होते. महाराष्ट्रापुरते हे उलटे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले. धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. लालबाग-परळच्या गिरण्यांत कापसाजवळ विडी पेटवण्याची सोय नव्हती. मळलेली तंबाखू मात्र पाळीभर ओठाखाली राही. गिरण्या गेल्या, चुन्याची डबी राहिली. शिवाय घरोघरची मिश्री! तिला अनेक स्त्रिया व्यसनच मानीत नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या निःशंकपणे ‘नाही’ म्हणतात.

म्हणून प्रश्न बदलावा लागतो आणि तो विचारण्याची संधी वैद्यापेक्षा औषधविक्रेत्याला अधिक मिळते. गिरगाव-दादरच्या दुकानांत मंजन मागणाऱ्यास ‘सध्या दात कशाने घासता?’ एवढेच विचारावे. मंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायदा पोहोचत नाही.

सोडवण्याची रीत चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात दिलीच आहे : अहितकर सवय चतुर्थांशाने, मध्ये दिवसांचे अंतर राखीत, सोडावी व तिच्या जागी हितकर सवय आणावी. दिवसातून आठदा मळणाऱ्याने प्रथम दोन वेळा कमी कराव्यात. त्या वेळी लवंग वा भाजलेली बडीशेप तोंडात धरावी. एवढ्याने न भागल्यास निकोटिनचे च्युइंगम सुचवण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. मात्र ते सतत चघळायचे नसते. झणझणीत चव येताच गालात धरावे, ओसरल्यावर पुन्हा चावावे. अन्यथा मळमळ होते. (तंबाखू गालात धरणाऱ्यास हे चटकन समजते.) गर्भिणी व हृद्रोगी यांना चिकित्सकाकडेच पाठवावे.

आमचा तीव्र आक्षेप आहे तो ‘वनौषधी सिगारेट’ विकण्यास. तिच्या समर्थनार्थ चरकोक्त धूमपानाचा दाखला दिला जातो. धूमवर्ती ही ठरावीक काळी, दोष पाहून योजावयाची चिकित्सा आहे. तलफ भागवण्याची कांडी नव्हे. तंबाखूऐवजी तुळस जाळली तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड व डांबर असतेच. हा माल वैद्यकीय फळीवर ठेवणे म्हणजे आपल्या शास्त्राचे नाव भाड्याने देणे होय.

तोंडात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे सांगणाऱ्यास मलम देऊन परत पाठवू नये. टाटा स्मारक रुग्णालय परळलाच आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक गल्ल्याजवळ, मंजनांच्या फळीशेजारी, मोठ्या अक्षरांत लावावा.