श्वान घरचा, कसोटी सर्वांची

अपंग व्यक्तीला आपला सेवा-श्वान स्वतः शिकवून तयार करण्याची मुभा असावी काय, या प्रश्नाला अमेरिकेच्या कायद्याने निःसंदिग्ध होकार दिला आहे. 1990 च्या अपंग हक्क कायद्याखालील सुधारित नियम 15 मार्च 2011 पासून अमलात आहेत. अपंगत्वाशी निगडित काम करण्यास शिकवलेला कुत्रा म्हणजे सेवा-श्वान, ही त्यांतील व्याख्या. तो कोणत्या संस्थेत शिकला, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे काय, हे मुद्दे गैरलागू ठरतात. श्वानाची गरज उघड दिसत नसेल, तर दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो : हा श्वान अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागदपत्रे वा प्रात्यक्षिक मागण्याचा अधिकार त्याला नाही.

या उदारतेमागे कठोर अर्थकारण आहे. दृष्टिहीनांसाठी श्वान तयार करणारी 'द सीइंग आय' ही संस्था 1929 मध्ये स्थापन झाली. पुढे कर्णबधिर, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, अपस्माराचे रुग्ण आणि युद्धाच्या मानसिक आघाताने ग्रासलेले माजी सैनिक यांचीही मागणी वाढली. संस्थेत एक श्वान तयार करण्यास हजारो डॉलर लागतात आणि प्रतीक्षा अनेकदा वर्षांवर जाते. म्हणूनच स्वतः श्वान शिकवणे ही अनेकांची हौस नसून निरुपाय असतो.

मात्र हे काम सोपे नाही. केवळ सोबतीने धीर देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही. भीतीचा झटका येत असल्याचे ओळखून शिकवलेली कृती करणारा श्वान बसतो. पडलेली वस्तू उचलून देणे एक वेळ लवकर साधते. पण जमिनीवर सांडलेले अन्न, गर्दी, दुसऱ्या कुत्र्याचे भुंकणे यांनी विचलित न होणे हीच खरी विद्या. ती घराच्या चार भिंतींत येत नाही. विसंगती अशी, की शिकाऊ श्वानाला संघराज्याचा हा कायदा प्रवेशाचा हक्क देत नाही. राज्यांचे कायदे निरनिराळे आहेत. त्यामुळे जिथे शिकायचे तिथेच मज्जाव, अशी कोंडी होऊ शकते.

दुसरीकडे गैरवापरही आहे. इंटरनेटवर विकली जाणारी प्रमाणपत्रे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहेत; तरीही ती खपतात. विमान प्रवासातील गोंधळानंतर वाहतूक खात्याने डिसेंबर 2020 मध्ये नियम बदलले. भावनिक आधाराच्या प्राण्यांना सेवा-श्वानाप्रमाणे वागवण्याचे बंधन विमान कंपन्यांवर उरले नाही, आणि प्रवाशाकडून विहित नमुन्यात हमी घेण्याची मुभा त्यांना मिळाली. कॅलिफोर्नियात लबाडीने आपला कुत्रा सेवा-श्वान असल्याचे भासवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. या लबाडीची खरी किंमत चुकवतो तो ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही असा प्रामाणिक माणूस. संशय त्याच्यावरच येतो.

मग सक्तीचे प्रमाणपत्र हा उपाय आहे काय? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2016 पासून वेगळी वाट धरली आहे. तेथे घरी शिकवलेला श्वानही चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवू शकतो. शिकवणारा कोण, यापेक्षा श्वान वागतो कसा, हे पाहणे तर्कसंगत आहे. पण चाचणी महाग वा दूर असेल, तर गरिबासाठी ती आणखी एक भिंत ठरेल.

शिवाय, बेताल भुंकणारा वा घाण करणारा श्वान मालकाला आवरता येत नसेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगण्याचा अधिकार अमेरिकी दुकानदाराला आजही आहे. ज्यांनी तो बजावायचा, त्यांनाच तो ठाऊक नसेल तर नव्या निर्बंधांनी काय साधणार? आधी आहे तो नियम दारोदारी पोहोचवावा आणि शिकाऊ श्वानांना सार्वजनिक जागी सरावाची सोय द्यावी. ज्याच्यापाशी पैसा नाही, पण चिकाटी आहे, त्याचे स्वातंत्र्य लबाडांच्या अपराधापायी हिरावले जाऊ नये.