मंडळीबरोबरचें देशाटन

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, हें मत आपल्याकडे इतकें जुनें आहे कीं त्याविषयीं वाद घालण्याचें कोणी मनांत आणीत नाहीं. परंतु देशाटन कोणत्या रीतीनें केलें असतां शहाणपण येतें, हा प्रश्न मात्र वादाचा आहे. हल्लीं नाताळच्या सुटींत सहल-कंपनीच्या मंडळीबरोबर कच्छचें रण पाहण्यास जाण्याची चाल पडली आहे. आपल्या पालीच्या, म्हणजे अष्टविनायकांतील नव्हे तर राजगडाच्या पायथ्याच्या पालीच्या, पालकांपुढेंही “मुलांस अशा सहलीस पाठवावें काय?” हा प्रश्न येतो. त्याचा थोडा विचार येथें करूं.

कित्येक विचारी लोक अशा सहलींस नाक मुरडतात. व्यवस्थापकानें हांक मारावी, मंडळीनें गाडींतून उतरावें, छायाचित्रें काढावीं आणि जेवणाची वेळ झाली म्हणून पुन्हा गाडींत चढावें, यास प्रवास म्हणावा काय, असें ते विचारतात. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. तथापि एकट्यानें हिंडणें तेवढाच खरा प्रवास, ही समजूत आपल्या परंपरेंतील नव्हे. पंढरीची दिंडी, काशीयात्रेचा संघ, व्यापाऱ्यांचा तांडा हीं सर्व समूहप्रवासाचींच रूपें होत. १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे हेही चुलत्यांसह व सोबतीनेंच गेले होते. सोबत असणें हा दोष नव्हे. सोबतीच्या गडबडींत डोळे मिटून घेणें हा दोष होय.

शिवाय कच्छचें रण हा प्रदेशच असा आहे कीं तेथें सोबतीवांचून जाणें शहाणपणाचें नाहीं. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस रण, अशा बेचक्यांत कच्छ वसला आहे. हें रण म्हणजे वाळूच्या टेकड्यांचें वाळवंट नव्हे. एके काळीं ती समुद्राची उथळ शाखा होती. आजही पावसाळ्यांत नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें आंत लोटलेलें समुद्राचें पाणी व पावसाचें पाणी तेथें पसरून राहतें, आणि हिवाळ्यापर्यंत तें आटलें म्हणजे मिठाचा पांढरा थर उरतो. वरून कठीण दिसणाऱ्या या थराखालीं पुष्कळ ठिकाणीं चिखल असतो. पिण्याजोगें पाणी नाहीं, सांवलीस झाड नाहीं, आणि आंतरराष्ट्रीय सीमा जवळ असल्यामुळें परवान्याचीही गरज पडते. अशा ठिकाणीं माहितगाराच्या मागें मुकाट्यानें चालणें यांत कमीपणा कसला?

मग उणें कोठें पडतें? पूर्वतयारींत. ज्यास कांहीं ठाऊक नाहीं त्यास रण म्हणजे केवळ पांढरें मैदान. ज्यानें थोडें वाचलें आहे त्यास तेथें पावलोपावलीं कथा सांपडते. १६ जून १८१९ च्या भूकंपानें येथें जमिनीचा लांबच लांब बांध वर आला. लोकांनीं त्यास ‘अल्लाबंद’ म्हणजे ईश्वरानें घातलेला बांध असें नांव दिलें. सिंदरीचा किल्ला पाण्यांत गेला, सिंधु नदीची पूर्वेकडील शाखा तुटली, आणि लखपत हें भरभराटलेलें बंदर हळूहळू ओस पडलें. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत भुज शहराचा मोठा भाग कोसळला. परंतु बन्नी प्रदेशांतील ‘भुंगा’ नांवाच्या गोल मातीच्या घरांपैकीं पुष्कळ घरें तगून राहिलीं. कच्छ आपणांस अगदींच परका नाहीं, हेंही मुलांस सांगावें. १ नोव्हेंबर १९५६ पासून ३० एप्रिल १९६० पर्यंत तो द्विभाषिक मुंबई राज्यांत होता. म्हणजे साडेतीन वर्षें पाली व भुज हीं एकाच राज्यांतील गांवें होतीं.

पालीच्या मुलांनीं तर धोलावीरा अवश्य पाहावें. खदीर बेटावरील या हडप्पाकालीन नगराचें उत्खनन १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखालीं झालें. दोन पावसाळी ओढ्यांस बांध घालून तेथील लोकांनीं पाणी अडविलें व तें नगराभोंवतीं खोदलेल्या प्रचंड हौदांत सांठविलें. राजगडावरील पद्मावती तळें व कातळांत खोदलेलीं टांकीं ज्यानें पाहिलीं आहेत, त्यास या हौदांचें मोल दुसऱ्यानें सांगावयास नको. धोलावीरेस २०२१ सालीं व राजगडास २०२५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. एका ठिकाणीं पाऊस तुटपुंजा, दुसऱ्या ठिकाणीं धो धो. पण पडलेलें पाणी राखून ठेवण्याची विद्या दोहींकडे एकच.

आतां छोट्या रणांतील अगरियांकडे पाहा. आपल्या कोंकणांतील मिठागरांशीं व आगरी लोकांशीं या शब्दाचें नातें उघड दिसतें. पावसाळा सरला कीं हीं कुटुंबें मुलाबाळांसह रणांत मुक्कामास जातात, जमिनीखालचें खारें पाणी उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवितात. पिण्याचें पाणी मात्र त्यांस बाहेरून टँकरनें यावें लागतें. आपल्या ताटांतील चिमूटभर मिठामागें एवढा वनवास आहे. सहलीच्या तंबूंत सकाळ-संध्याकाळ बादल्यांनीं पाणी ओतणाऱ्या पाहुण्यास हें ठाऊक नसेल, तर त्यानें रण पाहिलें असें कसें म्हणावें?

याविषयीं बोलण्याचा अधिकार पालीच्या लोकांस विशेष आहे. कारण आपण स्वतः यजमान आहों. सुटीच्या दिवशीं पाली दरवाजाच्या वाटेनें गड चढणाऱ्या टोळ्या आपण पाहतों. कांहीं टोळ्या वाट विचारतात, गांवांत भाकरी खातात, म्हाताऱ्या माणसांशीं चार शब्द बोलतात आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत नेतात. कांहीं आरोळ्या ठोकीत येतात व प्लॅस्टिकच्या बाटल्या मागें ठेवून जातात. पहिल्यांस आपण पाहुणे म्हणतों. दुसऱ्यांस काय म्हणतों तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. कच्छांत गेल्यावर यांपैकीं कोणत्या टोळींत आपली गणना व्हावी, हें आपल्याच हातीं आहे.

म्हणून, पालकहो, सामर्थ्य असल्यास मुलांस अवश्य पाठवा. ऋण काढून मात्र पाठवूं नका, कारण वारसा आपल्या दाराशींही आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, निघण्यापूर्वीं नकाशा पाहा, पाणी जपून वापरा, कारागिराचें कापड घेतांना तें कसें रंगविलें हें त्यासच विचारा, आणि त्या शुभ्र विस्तारापुढें घटकाभर तरी गप्प राहा. मूल घरीं आल्यावर “किती ठिकाणें पाहिलींस?” असें विचारूं नये, “तेथील लोक पाणी कोठून आणतात?” असें विचारावें. त्याचें नीट उत्तर आलें, तर सहलीचा खर्च सार्थकीं लागला असें खुशाल समजावें.