मंडळीची वाढ आणि पाळकाचा विसावा

ख्रिस्ती माणसाच्या स्वभावात ख्रिस्ताचा स्वभाव उतरत जाणे, ही आध्यात्मिक वाढीची सर्वांत साधी व्याख्या. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात या वाढीचे फळ म्हणून प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण सांगितले आहेत. त्यांपैकी एकही गुण डोकी मोजून कळत नाही, आणि एकही एका रात्रीत येत नाही. तरीही मंडळ्यांमध्ये वाढीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो संख्येचा: बाप्तिस्मे किती झाले, रविवारी बाके भरली का, कन्व्हेन्शनला मांडव पुरला का. भंडारा जिल्ह्यासारख्या, ख्रिस्ती वस्ती विरळ असलेल्या भागात या प्रश्नाने पाळक आणि मंडळी दोघेही खचतात. म्हणून पूर्वपक्ष नीट मांडून त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, जिवंत मंडळी संख्येने वाढतेच. जी वाढत नाही तिच्यात किंवा तिच्या पाळकात काहीतरी खोट असते. या म्हणण्याला शास्त्राचा आधारही दिला जातो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांची भर पडली, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे आणि ती नोंद आनंदाचीच आहे. पण त्याच अध्यायात लगेच पुढे त्या तीन हजारांचे काय झाले ते येते. ते शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले. लेखकाला आकडा महत्त्वाचा वाटला, पण तो तिथे थांबला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर उलटाच प्रसंग आहे. जीवनाच्या भाकरीविषयीचे वचन कठीण वाटून पुष्कळ शिष्य येशूला सोडून गेले आणि त्याने उरलेल्या बारा जणांना, तुम्हीही जाता काय, असे विचारले. गर्दी ओसरली तो दिवस येशूच्या अपयशाचा होता, असे कोणताही ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही.

विदर्भातील ख्रिस्ती इतिहासही हेच दाखवतो. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, बाजारात प्रवचने केली, गोंडांची भाषा आणि चालीरीती टिपल्या, या भागातील खडक व जीवाश्म अभ्यासले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. जवळजवळ दोन दशकांच्या त्या सेवेत बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या फार थोडी राहिली. वार्षिक अहवालाच्या मापाने हा माणूस नापास ठरतो. मात्र नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांच्या नावाने उभे आहे, आणि स्कॉटिश मिशनचे काम पुढे पूर्वेला सरकत भंडाऱ्यापर्यंत पोचले. तेथे मिशनचा दवाखाना चालला. औषध घेऊन गेलेल्या बहुतेकांची नावे मंडळीच्या यादीत आली नाहीत. म्हणून ती सेवा वाया गेली असे मानणे अन्यायाचे आहे.

याहून बोलका प्रसंग रेल्वेच्या डब्यातला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया अशी धान पिकवणाऱ्या मुलखातून जाणारी ही वाट. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना आदराने वागवले, काव्यावर आणि धर्मावर गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत हातात दिली. पुढे टिळकांनी ते पुस्तक वाचले, डोंगरावरील प्रवचनाशी ते अडले, दीर्घ काळ स्वतःशी झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी मंडळ्या आज ज्यांची भजने गातात तो कवी ख्रिस्ताकडे वळला त्याची सुरुवात अशी झाली. त्या गृहस्थांच्या प्रवासाचे फळ कोणत्या तक्त्यात भरायचे? कोणत्याच नाही. एका माणसाशी मन लावून केलेले बोलणे ही सेवा आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि लहान मंडळीच्या पाळकाला तेवढे पुरेसे आहे.

दुसरे म्हणणे उज्जीवनाचे आहे. वाढ व्हायची तर मोठ्या सभा हव्यात, अश्रू हवेत, रोगमुक्तीच्या साक्षी हव्यात; नुसत्या वचनपाठाने आणि कौटुंबिक प्रार्थनेने मंडळी कोरडी राहते, असे सांगितले जाते. उज्जीवनाला नाकारण्याचे कारण नाही. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे उज्जीवन झाले. पण त्याच्या आधी काय होते तेही पाहावे लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या. त्यांना जेवू घातले, लिहा-वाचायला शिकवले, शेती आणि हातकाम शिकवले. उज्जीवन ओसरल्यावरही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला बसून राहिल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. ज्यांना केडगावचे अश्रू हवेत त्यांनी केडगावची विहीर, चूल आणि छापखानाही मागावा.

रोगमुक्तीच्या बाबतीत तर स्पष्ट बोलले पाहिजे. प्रार्थना करूनही आजार बरा झाला नाही, तेव्हा रुग्णाचा विश्वास कमी पडला असे म्हणणे क्रूरपणा आहे. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले, तीमथ्याला पोटाच्या विकारावर उपाय सुचवला, आणि स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवूनही तो निघाला नाही. या तिघांपैकी कोणाच्याही विश्वासावर नव्या करारात बोट ठेवलेले नाही. ज्या भंडाऱ्यात ख्रिस्ताचे नाव दवाखान्याबरोबर पोचले, तेथे तरी गोळ्या बंद करून केवळ तेल लावण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

तिसरे म्हणणे उघडपणे क्वचित बोलले जाते, पण त्याचा भार सर्वांत जास्त. पाळकसाहेबांनी थकायचे नाही. त्यांनी प्रत्येक घरी जायचे, प्रत्येक मयतीला उभे राहायचे, भांडणे मिटवायची, उपासना चालवायची, अर्पणाचा हिशेब द्यायचा. आणि त्यांना निराशा आली तर ती विश्वासाची उणीव. पाळकही हे खरे मानू लागतो, तेव्हा तो आपले दुःख कोणालाच सांगत नाही.

शास्त्रात या समजाला जागा नाही. ईजबेलीच्या धमकीने पळालेला एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. होरेबावरचा मंद वाणीचा प्रसंग त्यानंतर येतो. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. पुढच्याच अध्यायात त्याचा सासरा इथ्रो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललेला न्यायनिवाडा पाहतो आणि, हे बरे नाही, तूही झिजशील आणि लोकही, असे सांगतो. मोशे रागावला नाही. त्याने कामे वाटून दिली. मासेदोनियात पौलाला बाहेरून भांडणे आणि आतून भीती होती. त्याला धीर मिळाला तो तीताच्या येण्याने. शेवटच्या तुरुंगवासात तो झगा आणि पुस्तके मागतो, हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. प्रेषिताला ऊब लागते, वाचायला लागते, माणूस लागतो. पाळकाला लागणार नाही, असे मानणे म्हणजे त्याला प्रेषितांच्याही वर बसवणे आहे.

याला जोडून एक आक्षेप येतो: पाळकाला फार जपले तर तो आळशी होईल. काही ठिकाणी तसे घडतही असेल. पण आळसावर उत्तरदायित्व हा उपाय आहे, एकटेपणा हा नाही. बर्णबाने शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, यरुशलेमेतल्या संशयातून बाहेर काढून प्रेषितांपुढे नेले. माघारी गेलेल्या मार्कालाही त्याने दुसरी संधी दिली. पौल आणि मार्क दोघांची पुढची सेवा या एका माणसाच्या प्रोत्साहनाशिवाय समजत नाही.

आता मंडन. भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात पऱ्हे उपटून बांधीत रोवणी होते आणि पुढचे काही दिवस शेत पिवळे, मलूल दिसते. रोपाने जमीन धरलेली नसते. शेतकरी तेव्हा फक्त पाणी राखतो आणि वाट पाहतो. मंडळीतही अशी वर्षे येतात. तरुण मंडळी कामासाठी नागपूरला जाते, रोवणीच्या दिवसांत रविवारची उपस्थिती घटते, जुने वडील एकेक करून जातात. हा काळ अपयशाचा समजून पाळक बदलणे, नवा वक्ता बोलावणे, शेजारच्या पंथाच्या मांडवाशी तुलना करणे हा चुकीचा उपाय आहे. मुळे धरण्याची कामे वेगळी आहेत: घराघरांतली प्रार्थना, रविवारची शाळा, आजाऱ्याची भेट, भांडलेल्या दोन घरांना प्रभुभोजनापूर्वी समोरासमोर बसवणे. म्हातारीने झाडीबोलीत केलेली प्रार्थना ग्रांथिक मराठीतल्या प्रार्थनेइतकीच पूर्ण असते, हेही मंडळीने मुलांना शिकवायला हवे.

एकी हाही वाढीचाच भाग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. वेगवेगळ्या परंपरांनी दीर्घ वाटाघाटींनंतर आपापला आग्रह सोडला, तो विदर्भाच्या भूमीवर. त्याच विदर्भात एका गावातल्या दोन मंडळ्यांनी एकमेकींची माणसे ओढणे शोभत नाही. दुसऱ्याच्या यादीतून आणलेले नाव ही वाढ नव्हे.

पाळकाला धीर देण्याचे काम वडीलजनांचे आणि पास्टरेट कमिटीचे आहे. त्यासाठी दर्शनाची गरज नाही. पगार ठरल्या तारखेला द्यावा. आठवड्यातला एक दिवस त्याच्या घरी कोणी काम घेऊन जाऊ नये. हिशेब आणि भेटी मंडळीतल्या माणसांनी वाटून घ्याव्यात. शेजारच्या तालुक्यातील पाळकाशी महिन्यातून एकदा बसून मोकळे बोलण्याची सोय करून द्यावी, आणि येत्या रविवारी उपासनेनंतर दोघा-तिघांनी पाळकसाहेबांसाठी, त्यांच्या समोर, त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करावी.